‘तुमची मुलगी नेमकं काय मोजते?’

वाचकाचं पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २३ वर्षांची, अंबाजोगाई तालुक्यातली. संख्याशास्त्रात एमएस्सी केलं. पुण्यातल्या एका विमा कंपनीत नोकरी मिळते आहे, पगारही बरा आहे. पण मुंबईला लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेशही मिळालाय. पुढे लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या संशोधनात काम करायचं, हे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपासून डोक्यात बसलंय. घरी सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक. रागावले नाहीत, पण गप्प झाले. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, “लोकांनी विचारलं, तुमची मुलगी नेमकं काय मोजते, तर काय सांगू?” आत्या म्हणाली, गर्भपाताचं न् संततिनियमनाचं काम करणाऱ्या मुलीला स्थळ कोण आणणार? आई काहीच बोलत नाही. मला वाटतं, ‘आरोग्याच्या आकडेवारीत काम करणार’ एवढंच सांगावं, बाकी उकरायचं कशाला? चालेल ना? आणि खरं सांगा, यात करिअर आहे का? मी कॉम्प्युटरवर आकडे बघेन, पण बायकांना असले प्रश्न विचारायला मला जमणार नाही. त्याशिवाय भागेल का?

– एक वाचक, बीड जिल्हा

*

उत्तर :

तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझ्या बाबांचा आहे. तीस वर्षं मी हे काम केलं, कितीतरी मुलाखती दिल्या-घेतल्या, पण “नेमकं काय मोजता?” असं कुणी सरळ विचारलं नाही. म्हणून आधी त्यांनाच उत्तर देते. हा भाग त्यांना वाचायला दे.

गुरुजी, तुम्ही अपूर्णांक शिकवलेत. अंश वर, छेद खाली. पोरं अंशात चुकत नाहीत, छेदात चुकतात. देशाचंही तसंच आहे. आमचं निम्मं काम छेदाचं.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, ही बातमी २०१९ साली देशभर गाजली. तेव्हा एका छोट्या पाहणीतला ३६ टक्के हा आकडा पेपरांतून फिरत होता. मग सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. भागाकार केला तर साधारण १७ टक्के. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या जरा वर होतं.

१७ आणि ३. मथळा तयार झाला. आमचं काम इथून पुढे. त्या ८२ हजारांत पन्नाशी ओलांडलेल्या किती? देशाच्या छेदात पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीही धरलेल्या आहेत, त्यांची पिशवी कोण काढणार? म्हणजे तो आकडा तिथेच खाली ओढला गेला. दोन्हीकडची वयं सारखी करून बघितली तर फरक किती उरतो? ऑपरेशनच्या वेळी बाई तिशीची होती की पंचेचाळिशीची? लग्न कितव्या वर्षी झालं, शेवटचं मूल कधी, नसबंदी कधी, आणि त्यानंतर किती वर्षांनी पिशवी गेली? सरकारी दवाखान्यात की खासगीत? पाहणीच्या वेळी जी टोळीबरोबर कर्नाटकात होती, तिचं नाव यादीत आलं का? यातला प्रत्येक प्रश्न कोरडा वाटतो. पण उद्या एखाद्या डॉक्टरचा वकील उभा राहून म्हणाला, “या बायका वयाने मोठ्या, म्हणून प्रमाण जास्त,” तर त्याचं तोंड फक्त याच उत्तरांनी बंद होतं. वयाचं कोष्टक हाताशी नसेल तर तो जिंकतो आणि बाई खोटी ठरते.

तर लोकांना सांगा, आमची मुलगी छेद तपासते. कुणाला मोजलं, कुणाला सोडलं, हे बघते.

*

आता तू.

‘आरोग्याची आकडेवारी’ एवढंच सांगावं का, असं विचारतेस. मीही तेच केलं होतं. लग्नानंतर पहिली सहा वर्षं सासऱ्यांना मी ‘सरकारी सर्व्हेत आहे’ असं सांगायचे. परिणाम असा झाला की गल्लीतली माणसं रेशनकार्डात नाव वाढवून मागायला आमच्याकडे येऊ लागली. सासरे त्यांना चहा पाजून सांगायचे, “सूनबाई बघतील.” तेव्हा हे लपवाछपवीचं मी हसण्यावारी नेलं. आपण काय लपवतोय ते पुढे फिल्डवर कळलं.

विदर्भात एका गावात प्रश्नावली तपासून बघत होतो. मसुदा इंग्रजीत केलेला, त्यावरून मराठी बेतलेलं. “आपला कधी गर्भपात झाला आहे का?” बाया मान हलवायच्या, नाही. दिवसभर नाही, नाही, नाही. आमच्याबरोबर एक निवृत्तीला आलेल्या नर्सबाई होत्या. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “मॅडम, गर्भपात कायद्याच्या पुस्तकात होतो. इथे पोट पडतं, नाहीतर पाडतात. आणि त्याहून जास्त वेळा पिशवी धुतात.” दुसऱ्या दिवशी शब्द बदलले. तेच गाव, तशाच बाया, आणि उत्तरं येऊ लागली.

‘पडलं’ आणि ‘पाडलं’. एका कान्याचा फरक. आकडेवारीत त्या एका कान्यामुळे बाई एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात टाकावी लागते. बहुतेक जणी पाडलेलंही ‘पडलं’ असंच सांगतात, कारण पडलेल्याची विचारपूस होते आणि पाडलेल्याची चौकशी. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणाही झाली, पण तो कान्यापर्यंत पोचलेला नाही.

म्हणून म्हणते, लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, लग्नाच्या मांडवात संततिनियमनावर व्याख्यान दे असं माझं म्हणणं नाही. पण घरात, निदान आईसमोर, तुला हे शब्द उच्चारता यायला हवेत. जो शब्द तुझ्या तोंडून निघत नाही, तो तुला प्रश्नावलीतही नीट लिहिता येणार नाही. तू ‘तसला काही त्रास’ असं काहीतरी गुळमुळीत लिहिशील, आणि बाई ‘नाही’ म्हणेल.

बायका सांगतच नाहीत, मग आकडा काढायचा कसा? याचं एक उत्तर मला फार आवडतं. २०१५ साली देशात किती गर्भपात झाले याचा अंदाज काही संशोधकांनी बांधला. त्यात प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेतली गटमाकर इन्स्टिट्यूट होती आणि तू जिथे शिकायला निघालीस ती मुंबईतल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्थाही होती. त्यांनी बायकांच्या उत्तरांवर भिस्तच ठेवली नाही. सहा राज्यांतले दवाखाने पाहिले आणि गर्भपाताच्या गोळ्या देशभर किती विकल्या गेल्या त्याचा हिशेब लावला. आकडा आला १ कोटी ५६ लाख. सरकारी नोंदी तेव्हा वर्षाला सात लाखांच्या आसपास सांगत होत्या. दर चारांतले जवळजवळ तीन गर्भपात दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले. म्हणजे एरवी कुठल्याच वहीत नसलेली बाई औषध दुकानाच्या बिलात सापडली. (त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ही जागा अजून रिकामी आहे, लक्षात ठेव.)

तर कॉम्प्युटरवर बसून भागेल का? भागेल. खोटं कशाला सांगू? या क्षेत्रातली पुष्कळ नावाजलेली माणसं कोष्टकांच्या पलीकडे गेलेली नाहीत. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स यांनी १९७८ मध्ये दाखवलं की दोन समाजांच्या जननदरातला फरक बहुतांशी चार गोष्टींनी उलगडतो: लग्नाचं वय आणि प्रमाण, गर्भनिरोधक, गर्भपात, आणि अंगावर पाजण्यामुळे लांबणारी पाळी. किती सुंदर गणित आहे ते शिकशील तेव्हा कळेल. तुझ्यासारखीला तर पहिल्या वाचनात आवडेल.

पण फिल्डची धूळ अंगावर न घेतलेल्या माणसाला एक गोष्ट दिसत नाही. एचआयव्हीचं बघ. २००६ मध्ये भारतात ५७ लाख लोक बाधित आहेत, असं जगाला सांगितलं गेलं होतं. तो अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत तपासणीला येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या रुग्णांवरून बांधलेला. सरकारी दवाखान्याच्या रांगेत सहज म्हणून उभा राहणारा एखादाच असतो. बाकीच्यांनी आधी खासगीत हात टेकलेले असतात, किंवा खासगी डॉक्टरनेच त्यांना तिकडे ढकललेलं असतं. म्हणजे रांग काही गावाचा नमुना नव्हे. मग २००५-०६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी, संमती घेऊन, एक लाखावर लोकांचं रक्त तपासलं. अंदाज २५ लाखांवर आला. निम्म्याहून कमी! घरोघरच्या पाहणीतून रस्त्यावर राहणारे, वेश्यावस्तीतल्या बायका निसटतात, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा धरावा लागला. कोण कुठल्या रांगेत उभं राहतं, हे स्टाटा किंवा आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर सांगत नाहीत.

आणि तुला ज्याची भीती वाटते ते ‘असले प्रश्न’ कुणी धाडकन दारात उभं राहून विचारत नाही. त्याच्या रीती ठरलेल्या आहेत. नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे, तेही ती एकटी असेल तरच. सासू डोकावली की पान उलटायचं आणि दुसऱ्याच विषयावर बोलायचं. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुण मुलामुलींची पाहणी झाली, तेव्हा लग्नाआधीच्या संबंधांबद्दल तोंडी विचारलंच, शिवाय एक कार्ड दिलं. त्यावर खूण करायची, पाकिटात घालायचं, पाकीट बंद करायचं. विचारणाऱ्यालाही कळू नये, अशी सोय. आपल्याला लाज वाटते तशीच समोरच्याला वाटते, हे धरूनच ही पाकिटं सुचलेली आहेत. तुझा संकोच ही तुझी अडचण वाटते तुला. मी तर तो कामाचा धरते. निर्ढावलेल्या माणसांनी केलेल्या प्रश्नावल्या मी वाचल्या आहेत, बाईने उठून जावं अशाच त्या असतात.

एक गडचिरोलीचा अभ्यास मात्र जायच्या आधी वाचून जा. राणी आणि अभय बंग यांचा, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. दोन गावं, ६५० बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचं एक तरी दुखणं होतं, आणि याआधी त्यासाठी कुणीतरी तपासलेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या काळी सरकार, विद्यापीठं, परदेशी तज्ज्ञ, सगळे एकच मोजत होते: मुलं किती झाली, नसबंद्या किती झाल्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळीत जीव नकोसा होतो, हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

यावरून एक कडू गोष्ट सांगून टाकते. आपल्या शास्त्राचे हात स्वच्छ नाहीत. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. कितीतरी ठिकाणी शिक्षकांना माणसं आणायचे आकडे ठरवून दिले होते. बाबांच्या आधीच्या पिढीतल्या एखाद्या गुरुजींना विचारलंस तर ते गप्प होतील. त्या उद्दिष्टांमागे ‘लोकसंख्येचा स्फोट’ होता, आणि त्या स्फोटाचे आलेख आमच्याच लोकांनी काढलेले. पुरुषांवरच्या सक्तीचा बोभाटा झाला, तेव्हा सगळं ओझं बायकांकडे वळलं. १९९४ ला कैरोच्या लोकसंख्या परिषदेत बाईचा हक्क आधी, संख्या नंतर, असं जगाने कागदावर मान्य केलं. आपल्याकडे १९९६ पासून नर्सबाईंना दिलेली नसबंद्यांची उद्दिष्टं रद्द झाली, निदान आदेशात. आणि २०१९-२१ ची पाहणी काय सांगते? बायकांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. हा ०.३ नुसता कोष्टकात भरून पुढे गेलीस तर तू कारकून. तो तुला टोचला तर ये आमच्यात.

*

आत्याचा मुद्दा दोन ओळींत. कुमुदिनी दांडेकर पुण्याच्या गोखले संस्थेत जन्म-मृत्यूच्या पाहण्या करत होत्या, पुणे जिल्ह्यावरचा त्यांचा अभ्यास १९५३ सालचा. त्यात त्यांचे सहलेखक त्यांचे यजमानच, वि. म. दांडेकर. तेव्हा स्थळ आमच्या धंद्यातही मिळतं, असं आत्याला माझा नमस्कार सांगून कळव.

बाबांना आणखी एक नाव सांग, र. धों. कर्वे. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गेली, तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. वकीलपत्र घेतलं होतं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले. सल्ल्याचं सदर लिहिताना मला दर वेळी ते आठवतात, आणि अजून दंड झालेला नाही याचं थोडं आश्चर्यही वाटतं.

*

आता पैशाचं. इथे मी तुला गोड बोलणार नाही.

देवनारची संस्था १९५६ ची, नाव भारी आहे, शिक्षण पक्कं आहे. तिथून बाहेर पडलेली मुलं सरकारी सर्व्हेंत, लोकसंख्या संशोधन केंद्रांत, स्वयंसेवी संस्थांत, जिनिव्हा-लंडनपर्यंत पोचतात. पण कायमची पदं थोडी आणि ती रिकामी राहतात फार. बहुतेकांचं आयुष्य प्रोजेक्टवर जातं. प्रोजेक्ट संपला की पगार संपला. माझा एकदा असाच संपला, अहवाल अर्धा लिहून झालेला असताना, शुक्रवारी दुपारी. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तेव्हा सगळीकडेच तशी पद्धत होती. आठ महिने मी बारावीच्या शिकवण्या घेतल्या. त्यातून सावरले, पण ते आठ महिने विसरत नाही. अगदी अलीकडचं सांगायचं तर नव्वदावर देशांत असे सर्व्हे करणारा डीएचएस कार्यक्रम १९८४ पासून अमेरिकेच्या सरकारी पैशावर चालत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो एका फटक्यात थांबवला गेला. त्याच्यावर अवलंबून असलेली माझ्या ओळखीची माणसं अजून नोकरी शोधताहेत. दुसरीकडे, सोळा वर्षांच्या खंडानंतर २०२७ ची जनगणना येते आहे. छेदच बदलणार म्हटल्यावर जुने सगळे दर पुन्हा काढावे लागतील. माणसं लागतील. तुझी डिग्री बरोबर त्याच सुमारास हातात पडेल.

विमा कंपनीकडे तुच्छतेने बघू नकोस. त्यांचं आणि आमचं मूळ हत्यार एकच, आयुर्मान सारणी. कितव्या वर्षी किती माणसं उरतात, हाच दोघांचा धंदा. ते त्यावरून हप्ता ठरवतात. घरात कर्ज असेल, धाकट्या भावंडांची फी तुझ्यावर असेल, तर दोन वर्षं तिथे काढ, मी नाक मुरडणार नाही. पण पत्रात तसं काही लिहिलेलं नाहीस. तसं नसेल तर माझं मत सरळ आहे: याच वर्षी मुंबईला जा. दोन वर्षांनी जाऊ म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पगाराची सवय लागते, मग गाडीचा हप्ता, मग लग्नाची तारीख. संस्थेत गेल्यावर दोन गोष्टी सांभाळ. एक, सहा महिन्यांचा पगार बाजूला टाकायची सवय पहिल्या स्टायपेंडपासून लाव. दुसरी, पहिल्याच सुट्टीत कुठल्याही सर्व्हेच्या टीमबरोबर पंधरा दिवस फिर. सुपरवायझर म्हणून नको, विचारणारी म्हणून.

राहता राहिली तुझी आई. तिच्याबद्दल तू पाच शब्दसुद्धा खर्च केलेले नाहीस, आणि माझं सगळं लक्ष तिथेच गेलं. तिला प्रश्न विचारू नकोस. असं कर, कुटुंब आरोग्य पाहणीची स्त्रियांसाठीची प्रश्नावली महाजालावर फुकट मिळते. इंग्रजी प्रत काढ. गर्भारपण, गर्भनिरोधक, पिशवीचं ऑपरेशन, एवढ्या भागाचं तू स्वतः मराठी कर. दुपारी बाबा शाळेत असताना आईला वाचून दाखव आणि एवढंच विचार, “आई, हे आपल्याकडे असंच म्हणतात का गं?” ती बहुतेक हसेल. मग एकेक शब्द दुरुस्त करील. अंबाजोगाईकडे तांबी बसवण्याला काय म्हणतात, दिवस चुकल्याला काय म्हणतात, हे मला पक्कं माहीत नाही. दुरुस्त केलेला कागद मला पाठव.